वारा पत्रा दाबत नाही, उचलतो: बोथट वस्तूवरचा दाब पहिल्यांदाच मोजणाऱ्यांसाठी

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं. वादळानंतर अर्धेच पत्रे गेलेलं एखादं छप्पर नीट पाहा. बहुतेक वेळा मधले पत्रे शाबूत असतात. गेलेले असतात ते कोपऱ्यातले आणि वळचणीच्या कडेचे. पत्रे बसवणारे सांगतात, "वारा आत शिरला आणि त्याने उचलला." हे अर्धं खरं आहे. आतून दाब येतोच, पण त्याच वेळी वरून ओढही लागलेली असते, आणि कडेला ती मधल्यापेक्षा कितीतरी जास्त असते.

आकड्यात बघू. आयएस ८७५ भाग ३ मध्ये (इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक) मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय. दाब म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे १,१६२ पास्कल. उंची, भूभाग वगैरेचे गुणक सध्या बाजूला ठेवू. बुटक्या, सपाटसर छपराच्या मोठ्या भागाला त्यात गुणांक (या दाबाला गुणायचा आकडा, उणे म्हणजे ओढ) आहे −०.८ आणि कडेच्या पट्ट्याला −२.०. म्हणजे कडेला चौरस मीटरमागे जवळजवळ २३५ किलोची वर ओढ, आणि पत्र्याचं स्वतःचं वजन चार-पाच किलो. तेव्हा हुक आणि स्क्रू काय काम करतात ते कळलं असेल.

हा −२.० कुठून येतो, आणि वाऱ्यातल्या खळबळीचा, म्हणजे टर्ब्युलन्सचा, त्यात वाटा किती, हे स्वतः मोजून बघायचं असेल तर हा लेख तुमच्यासाठी. तुम्ही इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असाल, एम.टेक.चा प्रोजेक्ट हातात असेल, किंवा नव्या नोकरीत कुणी विंड टनेलच्या किल्ल्या दिल्या असतील असं मी धरतो. टनेल साधा, ६०० गुणिले ६०० मिलिमीटरचा. कॉलेजांत असतो तसा.

आधी चित्र डोक्यात बसवा

माशासारख्या किंवा विमानाच्या पंखासारख्या निमुळत्या वस्तूला हवा शेवटपर्यंत चिकटून जाते. बोथट वस्तूला ते जमत नाही. विटेच्या धारदार कडेवर हवा वळू शकत नाही. ती सुटते आणि पृष्ठभागापासून दूर जाते. या सुटण्याला आपण सेपरेशन म्हणू. बाहेरून वेगाने जाणारी हवा आणि आतली जवळजवळ मेलेली हवा यांच्यामध्ये एक पातळ थर तयार होतो. तो शिअर लेअर. या सगळ्या लेखाचा नायक तोच.

हा थर शांत नसतो. त्यात लहान भोवरे गुंडाळले जातात, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि आतल्या बाजूची हवा ओढून घेतात. आतली हवा अशी उपसली गेली की तिथला दाब पडतो. दाब पडला की थर आतल्या बाजूला वाकतो. वस्तू पुरेशी लांब असेल तर वाकत वाकत तो पुन्हा पृष्ठभागावर येऊन टेकतो. कडेपासून टेकण्याच्या जागेपर्यंतच्या बंदिस्त भागाला सेपरेशन बबल म्हणतात.

आता येणारा वाराच खळबळलेला असेल तर? थर सुरुवातीपासूनच हलवला जातो, भोवरे लवकर वाढतात आणि उपसा जोरात होतो. मग थर जास्त वाकतो, लवकर टेकतो, बबल आखूड होतो. यापुढचं सगळं याच वाक्यातून निघतं. फक्त "वस्तू पुरेशी लांब असेल तर" ही अट विसरू नका. नवखे लोक तिथेच पडतात. मीही पडलोय.

पायरी १: पहिलं मॉडेल घराचं करू नका

उत्साहात सगळे आधी छोटं घर बनवतात. नको. घरावर कड, कोपरा, जमिनीजवळचा थर असं सगळं एकदम येतं आणि कशामुळे काय झालं ते कळत नाही. पहिलं मॉडेल म्हणून जाड, सपाट पट्टी घ्या, पुढचं तोंड कापल्यासारखं चौकोनी. जाडी ३० मिलिमीटर, वाऱ्याच्या दिशेने लांबी ३६० मिलिमीटर, रुंदी टनेलच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. टनेलची ५ टक्के जागा अडते. त्याहून जास्त अडवू नका. भिंतींमुळे हवेला कोंडल्यासारखं होतं आणि सक्शन, म्हणजे पृष्ठभागाला लागणारी ओढ, खोटं वाढतं.

कड धारदार हवी. थ्री-डी प्रिंट केलेली कड डोळ्याला धारदार दिसते, पण नख फिरवून बघितलं की गोलाई कळते. पट्टी ॲल्युमिनियमची किंवा ॲक्रिलिकची मिलिंग करून घ्या. धारदार कडेचा एक मोठा फायदा आहे: हवा कुठे सुटणार ते कडच ठरवते, त्यामुळे वेग थोडा कमी-जास्त झाला तरी उत्तर फारसं बदलत नाही. गोल नळकांड्यावर तसं नसतं. तिथे टर्ब्युलन्स वाढवला की सुटण्याची जागाच सरकते आणि ड्रॅग, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने लागणारा जोर, एकदम कोसळतो. ती मजा नंतर.

पायरी २: छिद्रं आणि नळ्या

पट्टीच्या वरच्या बाजूला, मधल्या रेषेवर, एक मिलिमीटरची किंवा त्याहून लहान छिद्रं पाडायची. यांना टॅप म्हणतात. पहिला टॅप कडेपासून ३ मिलिमीटरवर. मग ९० मिलिमीटरपर्यंत दर साडेसात मिलिमीटरला एक, १८० पर्यंत दर १५ ला, आणि पुढे ३०० पर्यंत दर ३० ला. हे झाले २३. एक टॅप पुढच्या तोंडाच्या बरोबर मध्यावर. चार खालच्या बाजूला, वरच्या चौघांच्या बरोबर खाली. एकूण २८, ३२ चॅनेलच्या स्कॅनरवर (एकदम ३२ दाब मोजणाऱ्या यंत्रावर) बसतात आणि चार उरतात. छिद्र लंब हवं, तोंडावर बर (ड्रिलने उरलेली धातूची खरखरीत कड) नको. बोट फिरवल्यावर छिद्र जाणवलं तर ते बिघडलेलं आहे.

नळी हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. हवेचा दाब छिद्रापासून सेन्सरपर्यंत नळीतून जातो आणि नळी बासरीसारखी वागते: एक टोक उघडं, एक बंद. अर्धा मीटर नळी घेतलीत तर तिचा स्वतःचा सूर येतो ३४० भागिले (४ गुणिले ०.५), म्हणजे १७० हर्ट्झच्या आसपास. सेन्सरच्या पोकळीमुळे प्रत्यक्षात आणखी खाली. त्या सुराजवळची चढउतार नळी फुगवून दाखवते, त्याच्या वरची गिळून टाकते. सरासरीला याचा काही फरक पडत नाही, पण आपल्याला झटके मोजायचेत. म्हणून सगळ्या नळ्या सारख्या लांबीच्या, जमेल तितक्या आखूड, आणि मध्ये अरुंद तुकडा टाकून सूर दाबलेला. त्याहून चांगलं म्हणजे स्पीकरने ज्ञात दाब देऊन नळीचा प्रतिसाद मोजा आणि नंतर हिशोबात दुरुस्ती करा.

कॉलेजातला तिरपा मॅनोमीटर सरासरीसाठी उत्तम आहे. पण सेकंदाला १२ मीटर वेगाला गतिदाब (मघाचाच ०.६ गुणिले वेगाचा वर्ग) ८६ पास्कलच्या आसपास असतो, म्हणजे पाण्याचे जेमतेम ९ मिलिमीटर. तो स्तंभ सेकंदाला पन्नास वेळा नाचेल ही अपेक्षा करू नका. झटके मोजायला इलेक्ट्रॉनिक सेन्सरच लागतो.

पायरी ३: संदर्भ दाब

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि जवळजवळ सगळ्या चुका इथेच होतात.

आपण मोजतो तो दाबगुणांक, बोलताना सगळे सीपी म्हणतात: टॅपवरचा दाब वजा वाऱ्याचा स्थिर दाब, भागिले गतिदाब. म्हणजे दोन गोष्टी नेमक्या हव्यात, स्थिर दाब आणि गतिदाब, आणि दोन्ही एकाच पिटो-स्टॅटिक नळीतून (समोरच्या तोंडाला एक आणि बाजूला काही छिद्रं असलेली, वाऱ्याकडे तोंड करून ठेवायची नळी) घ्याव्यात. पिटोवरून गतिदाब थेट मिळतो, हवेची घनता लागत नाही. घनता लागते ती वेग काढायला. त्यात मुंबई आणि पुणे सारखे नाहीत: साधारण ३० अंशाला समुद्रसपाटीवर घनता घनमीटरला १.१६ किलोच्या आसपास, साडेपाचशे मीटरवरच्या पुण्यात १.१० च्या आसपास. पुस्तकातला १.२२५ डोळे मिटून टाकलात तर वेग चुकतो.

माझा एक दिवस वाया गेला ती गोष्ट सांगतो. शांत प्रवाहात पुढच्या मधल्या टॅपवर सीपी १.००, अगदी हवा तसा. मग टर्ब्युलन्ससाठी जाळी लावली आणि तोच टॅप ०.६ दाखवू लागला. आधी वाटलं, वा, काहीतरी सापडलं! संध्याकाळपर्यंत नळ्या तपासल्या, सॉफ्टवेअर तपासलं. शेवटी टनेल सांभाळणाऱ्या मामांनी चहाचा कप ठेवत विचारलं, "पिटो जाळीच्या पुढे हाये का मागे?" पिटो जाळीच्या अलीकडे, पंख्याच्या झोतातच राहिली होती. जाळी ओलांडताना हवेचा दाब पडतो. तो सगळा माझ्या संदर्भात घुसला होता.

म्हणून नियम: पिटो नेहमी जाळी आणि मॉडेलच्या मध्ये, मॉडेलपासून बरीच आधी, आणि जाळीच्या एखाद्या पट्टीच्या सावलीत नाही. आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदा पुढच्या मधल्या टॅपकडे बघा. तिथे १.० च्या आसपास हवंच. टर्ब्युलन्सने त्यात भर पडते ती टर्ब्युलन्सच्या तीव्रतेच्या (वेगाची चढउतार भागिले सरासरी वेग) वर्गाइतकी. ७ टक्क्यांना अर्धा टक्का. त्याहून मोठा फरक दिसला तर शोध लागलेला नाही, नळी सुटली आहे.

वरचे आणि खालचे टॅपही जुळायला हवेत. जुळत नसतील तर पट्टी तिरकी बसली आहे. अर्ध्या अंशाचा तिरकसपणाही दिसतो.

पायरी ४: शांत प्रवाहात, लोकरीचे धागे

सेन्सरआधी डोळ्यांनी बघा. पंधरा मिलिमीटरचे लोकरीचे धागे पट्टीवर दर सेंटिमीटरला चिकटवा. टेप फक्त पुढच्या टोकाला. टनेल सेकंदाला १२ मीटरवर चालवा. कडेजवळचे धागे उलटे, वाऱ्याच्या विरुद्ध, पडतील. नवख्याला हे पहिल्यांदा बघताना गंमत वाटते. बरेच मागचे धागे सरळ मागे पडतील. मध्ये दोन-तीन धागे असे असतील की क्षणात पुढे, क्षणात मागे.

मोबाइलचा स्लो मोशन व्हिडिओ काढा, २४० फ्रेमचा. एकेका धाग्यासाठी फ्रेम मोजा: किती पुढे, किती मागे. जिथे निम्म्या निम्म्या येतात ती थर परत टेकण्याची जागा. शांत प्रवाहात ती कडेपासून साधारण जाडीच्या ४.९ पट अंतरावर येते, म्हणजे आपल्या पट्टीवर १४७ मिलिमीटरच्या आसपास. चेरी, हिलिअर आणि लातूर यांनी १९८४ मध्ये अशाच बोथट पट्टीवर हे बारकाईने मोजलं. (लातूर हे एका संशोधकाचं आडनाव आहे, आपल्या मराठवाड्यातलं नाही. मी बरेच दिवस हा विनोद करून कंटाळलोय.)

मग धागे काढा. धागे असताना दाब मोजू नका.

पायरी ५: जाळी

टर्ब्युलन्स बनवायची सगळ्यात स्वस्त पद्धत म्हणजे लाकडी पट्ट्यांची चौकोनी जाळी. पट्टी २५ मिलिमीटर रुंद, दोन पट्ट्यांच्या मध्यांमधलं अंतर १२५ मिलिमीटर. यात ३६ टक्के जागा अडते. ४० टक्क्यांच्या वर गेलात तर झोत एकमेकांना चिकटतात आणि प्रवाह एकसारखा राहत नाही.

तीव्रतेचा जुना, भरवशाचा अंदाज आहे: १.१२ गुणिले (जाळीपासूनचं अंतर भागिले पट्टीची रुंदी) याचा उणे ५/७ घात. बेन्स आणि पीटरसन यांचा, १९५१ चा. मॉडेलचं तोंड जाळीपासून १.२५ मीटरवर ठेवलं तर गुणोत्तर ५०, तीव्रता सुमारे ७ टक्के. अडीच मीटरवर नेलं तर सव्वाचार. दहा चौकटींपेक्षा, म्हणजे इथे १.२५ मीटरपेक्षा, जवळ येऊ नका. तिथे पट्ट्यांच्या सावल्या अजून मिसळलेल्या नसतात.

हा अंदाज आहे, मोजमाप नाही. मॉडेल बाजूला काढून त्याच्या तोंडाच्या जागी हॉट-वायर (वेगाची झटपट चढउतार मोजणारी तापलेली बारीक तार) ठेवा, तीव्रता मोजा आणि अहवालात तोच आकडा लिहा. सोबत भोवऱ्यांचा आकारही काढा, म्हणजे इंटिग्रल स्केल. हॉट-वायरच्या सिग्नलच्या ऑटोकोरिलेशनवरून, म्हणजे सिग्नल थोड्या वेळाने स्वतःशीच किती जुळतो त्यावरून, तो मिळतो. अशा जाळीमागे तो पट्टीच्या रुंदीच्या आसपासचा येतो. खळबळ किती एवढंच विचारून भागत नाही. खळबळीचे भोवरे वस्तूपेक्षा मोठे की लहान, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. ते कशासाठी, पुढे येतंय.

पायरी ६: नोंद आणि हिशोब

सेकंदाला ५०० नमुने, सलग एक मिनिट. जाळीशिवाय एकदा, जाळीसह एकदा, आणि गतिदाब दोन्ही वेळी सारखा.

प्रत्येक टॅपचे तीन आकडे काढा: सरासरी सीपी, चढउतार (आरएमएस), आणि सगळ्यात खोल झटका. झटक्यासाठी एका मिनिटाचे दहा सेकंदांचे सहा तुकडे करा, प्रत्येकातला सगळ्यात उणा आकडा घ्या आणि सहांची सरासरी मांडा. नुसता एक कमाल झटका हा नशिबाचा भाग असतो. उद्या वेगळा येईल.

सरासरीचा आलेख काढा, आडव्या अक्षावर अंतर भागिले जाडी. शांत प्रवाहात कडेपासून बराच वेळ सक्शन जवळजवळ सपाट राहतं, मग टेकण्याच्या जागेच्या आधी दाब वर येऊ लागतो. जाळीसह सक्शनचा तळ कडेकडे सरकलेला आणि खोल गेलेला दिसेल, आणि दाब लवकर सावरलेला. धागे लावून पुन्हा बघितलंत तर टेकण्याची जागाही कडेकडे सरकलेली असेल. हिलिअर आणि चेरी यांच्या १९८१ च्या प्रयोगात साडेसहा टक्क्यांच्या आसपासच्या टर्ब्युलन्सने बबल जाडीच्या ४.९ पटींवरून २.७ पटींच्या घरात आला. इतक्या थोड्या खळबळीने जवळजवळ निम्मा! त्यांना आणखी एक गोष्ट दिसली, आणि इथेच भोवऱ्यांचा आकार आत येतो: सरासरी प्रवाह मुख्यतः तीव्रता बघतो, आकाराला फारसा भाव देत नाही. चढउतार मात्र दोन्ही बघतात.

दोन आलेख एकमेकांवर ठेवायचे असतील तर रोश्को आणि लाउ यांची युक्ती वापरा. सीपी मधून सगळ्यात खोल सीपी वजा करा आणि १ वजा तोच खोल सीपी याने भागा. आडव्या अक्षावर जाडीऐवजी बबलची लांबी घ्या. शांत आणि खळबळलेला आलेख बराचसा एकावर एक बसतो. म्हणजे टर्ब्युलन्सने सरासरीत नवं काही आणलेलं नाही, बबल आखडवला आहे. हे आपल्या हातच्या आकड्यांत दिसलं की बरं वाटतं.

आरएमएसचं गणित वेगळं. आधी एक तपासणी करा: वाऱ्याचा वेग ७ टक्के हलत असेल आणि पृष्ठभागावरचा दाब निमूटपणे त्याच्या मागे जात असेल तर दाब दुप्पट, १४ टक्के हलेल. सीपी −०.८ असेल तर आरएमएस ०.११. शांत प्रवाहात, अर्धा टक्का टर्ब्युलन्स धरला तरी, हाच हिशोब ०.०१ पेक्षा कमी सांगतो. मोजलेला आकडा टेकण्याच्या जागेपाशी याच्या कितीतरी पट येईल. ही जास्तीची चढउतार वाऱ्याने आणलेली नाही. ती शिअर लेअरने स्वतः तयार केली आहे. तिचा पॉवर स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेला किती चढउतार, त्याचा आलेख) काढा. ०.६५ गुणिले वेग भागिले बबलची लांबी या वारंवारतेच्या आसपास फुगवटा दिसायला हवा. आपल्या पट्टीवर १२ मीटर वेगाला ५३ हर्ट्झच्या जवळ. तो दिसला नाही तर नळ्यांकडे परत जा.

आणि झटके. कडेजवळच्या पहिल्या दोन-तीन टॅपचा नुसता कच्चा सिग्नल स्क्रीनवर लावून बघत बसा. पाच मिनिटं. जाळीशिवाय तो अंगावर शिरशिरी आल्यासारखा थरथरतो, बस. जाळी लावली की बराच वेळ साधारण −१ च्या आजूबाजूला रेंगाळतो आणि मध्येच, इशारा न देता, सुईसारखा खाली जातो आणि परत येतो. येणाऱ्या एखाद्या भोवऱ्याने शिअर लेअर ढवळला की कडेजवळच एक घट्ट भोवरा गुंडाळला जातो आणि तो पृष्ठभागावरून जाईपर्यंत ही सुई दिसते. सॅथॉफ आणि मेलबर्न यांनी हे झटके नीट उलगडले. तीव्रता वाढली की झटके खोल होतात, आणि येणारे भोवरे वस्तूच्या मानाने मोठे झाले तरी खोल होतात. (मेलबर्न हे आडनाव असलेला माणूस मेलबर्न शहरातल्याच मोनॅश विद्यापीठात. लातूरपेक्षा हा जुळून आलेला योग बरा.)

पत्र्याचा स्क्रू सरासरीने उपटत नाही, या सुईने उपटतो.

पायरी ७: "मग टर्ब्युलन्सने सक्शन वाढतं की कमी होतं?"

तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो आणि "वाढतं" म्हटलं की परीक्षक हसतो. आता पट्टी काढून चौकोनी खांब लावा, बाजू ३० मिलिमीटर. पुन्हा दोन्ही मोजण्या. खांबाच्या पाठीवरचं सक्शन जाळीने *कमी* झालेलं दिसेल, आणि ड्रॅगही. शांत प्रवाहात चौकोनी खांबाचा ड्रॅग गुणांक २.१ च्या आसपास असतो. टर्ब्युलन्समध्ये तो बराच खाली येतो. बी. जे. व्हिकरी यांनी १९६६ मध्ये दाखवलं की सुमारे १० टक्के टर्ब्युलन्समध्ये चौकोनी खांबावर आडवा हलणारा जोर जवळजवळ निम्मा होतो. ली यांनी १९७५ मध्ये त्याच आकारावर सगळ्या बाजूंचा दाब मोजून याचं कारण पुढे आणलं.

कारण आपल्या सुरुवातीच्या वाक्यातच आहे. खांब आखूड आहे. शांत प्रवाहात थर वर उडून जातो, टेकायला जागाच मिळत नाही, आणि पाठीमागे लगेच मोठे भोवरे बांधले जातात. ते पाठीवरची हवा ओढतात. टर्ब्युलन्सने थर जाड होतो, आत वाकतो आणि मागच्या कोपऱ्याला अधूनमधून घासू लागतो. भोवरे दूर मागे ढकलले जातात, त्यांचा जोर ओसरतो, पाठीवरची ओढ कमी होते.

तिसरा आकार बघायचा असेल तर वाऱ्याला काटकोनात पातळ पाटी लावा. तिला मागचा कोपराच नाही, थराला घासायला काही नाही. टर्ब्युलन्समुळे फक्त उपसा वाढतो आणि पाठीवरचं सक्शन उलट वाढतं. बेअरमन यांनी १९७१ मध्ये हे मोजलं.

एकाच जाळीमागे तीन आकार, तीन वेगळी उत्तरं. म्हणून कुणी विचारलं तर उलट विचारा: कोणती जागा, वस्तू किती लांब, आणि सरासरी की झटका? खांबाच्या पाठीवरची सरासरी ओढ घटली म्हणून बाजूच्या कडेवरचे झटकेही घटले असतील असं धरून चालू नका.

पायरी ८: घराकडे जाताना

आता घराचं मॉडेल करा. पण ७ टक्क्यांची जाळी म्हणजे खरा वारा नव्हे. मोकळ्या माळावर दहा मीटर उंचीवर टर्ब्युलन्स १८-२० टक्के असतो, गावात आणखी जास्त, आणि जमिनीजवळ वेगही कमी होत जातो. म्हणून टनेलच्या सुरुवातीला उंच सुळके आणि जमिनीवर लहान ठोकळे मांडून तसा वारा तयार करतात. डेन्मार्कच्या मार्टिन जेन्सन यांनी १९५८ मध्ये हा धडा घालून दिला. टनेलच्या जमिनीचा खडबडीतपणा मॉडेलच्या प्रमाणात धरला तरच छपरावरचे दाब खऱ्या घराशी जुळतात. विमानांसाठी बांधलेल्या गुळगुळीत टनेलमधले दाब जुळत नाहीत.

सरासरीवर आणि एकट्या मॉडेलवर विसंबण्याची किंमत इंग्लंडमधल्या यॉर्कशरने मोजली. १ नोव्हेंबर १९६५ ला फेरीब्रिजच्या वीजकेंद्रातल्या आठ कूलिंग टॉवरपैकी तीन कोसळले. प्रत्येक ११४ मीटर उंच. पडले ते वाऱ्याच्या आडच्या रांगेतले, पुढच्या टॉवरांच्या खळबळीत उभे असलेले. टनेलमध्ये तपासला होता तो एकटा टॉवर, आणि वाऱ्याचा वेग धरला होता मिनिटभराच्या सरासरीचा.

वेळेचं माप विसरू नका. मॉडेल १:२०० आणि टनेलचा वेग खऱ्या वाऱ्याच्या १:२.५ असेल तर वेळ १:८० होते. खऱ्या वाऱ्याची दहा मिनिटं म्हणजे टनेलमधले साडेसात सेकंद. म्हणून असे साडेसात सेकंदांचे निदान सोळा तुकडे घ्या, प्रत्येकाचा झटका काढा आणि त्यांवर गुंबेल वितरण (टोकाच्या आकड्यांसाठीचं संभाव्यतेचं सूत्र) बसवा. नळ्यांबद्दल मी इतका का कुरकुरलो ते इथे कळेल: खऱ्या घरावरचा एका सेकंदाचा झटका टनेलमध्ये सेकंदाच्या ऐंशीव्या भागात होऊन जातो.

६०० मिलिमीटरच्या टनेलची मर्यादाही मान्य करा. खऱ्या वाऱ्यातले मोठे भोवरे शंभर मीटरच्या घरात असतात. १:२०० ला अर्धा मीटर. ते या टनेलमध्ये मावणार नाहीत. त्यामुळे झटके थोडे सौम्य येतील, आणि अहवालात ते तसं स्पष्ट लिहा.

कॉम्प्युटरवर करणार असाल तर एवढंच: साधं के-एप्सिलॉन मॉडेल (टर्ब्युलन्सची फक्त सरासरी धरणारं गणित) बोथट वस्तूच्या पुढच्या तोंडापाशी नसलेला टर्ब्युलन्स तयार करतं, तो वाहत छपरावर जातो आणि तिथलं सेपरेशन दाबून टाकतो. चित्र रंगीत आणि सुंदर येतं, कडेचं सक्शन मात्र गायब. एलईएस (मोठे भोवरे प्रत्यक्ष सोडवणारी पद्धत) वापरा, आणि मॉडेल ठेवण्याआधी रिकाम्या डोमेनमध्ये बघा की तुम्ही पाठवलेला टर्ब्युलन्स मॉडेलच्या जागेपर्यंत जिवंत पोचतोय का. बरेचदा तो वाटेतच मेलेला असतो.

घराचं मॉडेल लावलं की आधी वारा समोरून घ्या, छपराच्या पुढच्या कडेचे टॅप बघा. पट्टीवर पाहिलेलंच दिसेल. मग टर्नटेबल ४५ अंशांनी फिरवा, वारा कोपऱ्यावर येईल असा. आता छपराच्या दोन्ही कडांवरून दोन शंकूच्या आकाराचे भोवरे निघतात, कोपऱ्यापाशी टोकदार, पुढे रुंद होत जाणारे. कोपऱ्यापाशी एक धागा चिकटवलात तर तो गरगर फिरताना दिसेल. तिथल्या टॅपचा झटका बाकीच्या सगळ्या छपराला मागे टाकतो. अंश ३० पासून ६० पर्यंत पाच-पाचने बदलत जा, कारण सगळ्यात वाईट कोन बरोबर ४५ असेलच असं नाही. आणि मॉडेल बनवतानाच कोपऱ्याच्या त्या चौकोनात टॅप दाट पाडून ठेवा. नंतर ड्रिल घेऊन बसलात तर आतल्या नळ्या फुटतात.